कडधान्य पिकांवरील कीटक व त्यांचे नैसर्गिक शत्रू

तूर, हरभरा, वाल (पावटा), मूग, उडीद, चवळी, कुळीथ, मटकी, वाटाणा इ. शिंबावंत (लेग्युमिनोजी) कुलातील जी पिके मुख्यतः दाण्यांसाठी लावली जातात, त्यांना कडधान्य पिके म्हणतात. या पिकांच्या मुळांवरील गाठींत राहणारे सूक्ष्मजंतू हवेतील नायट्रोजनाचे स्थिरीकरण करतात. त्यामुळे त्यांची पाने, फुले व दाणे प्रथिनांनी समृद्ध असतात. हाच गुण माणसाप्रमाणे कीटकांनाही आकर्षित करतो. पेरणीपासून साठवणीपर्यंत पिकाच्या प्रत्येक अवस्थेत एक वा अधिक कीटक त्यावर उपजीविका करतात. परंतु त्या कीटकांवर जगणारे दुसरे कीटक, कोळी, पक्षी व रोगजंतूही त्याच शेतात असतात. या दुसऱ्या गटास पहिल्या गटाचे नैसर्गिक शत्रू म्हणतात. कोणत्या वर्षी किडीचा उपद्रव वाढेल व कोणत्या वर्षी तो आटोक्यात राहील, हे हवामान, पीकपद्धती आणि या दोन गटांतील समतोल यांवर अवलंबून असते.

समतोलाचे स्वरूप : घाटे अळीच्या पतंगाची एक मादी आपल्या आयुष्यात ५०० वा त्याहूनही अधिक अंडी घालते. ५०० अंडी धरली व त्यांतील निम्म्या माद्या निघाल्या असे मानले, तर सर्व जगल्यास पुढील पिढीत १,२५,००० अंडी होतील. प्रत्यक्षात किडीची संख्या वर्षानुवर्षे साधारणपणे स्थिर राहते, याचा अर्थ एका मादीच्या ५०० अंड्यांपैकी सरासरीने केवळ दोनच पतंग पुनरुत्पादनापर्यंत पोहोचतात. बाकीची ४९८ पाऊस, ऊन, अन्नाचा अभाव, आपसांतील भक्षण आणि नैसर्गिक शत्रू यांमुळे नष्ट होतात. दोनाऐवजी दहा जगले, तर एकाच पिढीत किडीची संख्या पाचपट होते. म्हणजेच शत्रूंचे काम थोडे जरी ढिले पडले, तरी त्याचा परिणाम पिकावर मोठा होतो. कडधान्यांच्या पीकसंरक्षणाचा सर्व विचार या साध्या हिशोबावर आधारलेला आहे.

ऋतुमान व पीकक्रम : महाराष्ट्रात कडधान्ये तिन्ही हंगामांत आढळत असली, तरी त्यांचे मुख्य हंगाम दोन आहेत. मूग, उडीद, चवळी, मटकी व तूर ही पिके जून-जुलैमध्ये पावसाबरोबर पेरतात. पहिली चार पिके ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरमध्ये निघतात. तूर मात्र शेतात राहून सर्वसाधारणपणे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये फुलते व डिसेंबर-जानेवारीत काढणीस येते. हरभरा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पेरला जातो. कोकणात भाताची कापणी झाल्यावर जमिनीतील उरलेल्या ओलीवर वाल, चवळी, कुळीथ इ. पिके घेण्याची पद्धत जुनी आहे, तसेच भातखाचरांच्या बांधांवर तूर लावली जाते. मराठवाडा व विदर्भ हे तूर आणि हरभरा यांचे राज्यातील प्रमुख प्रदेश आहेत.

या क्रमामुळे बहुभक्षी किडीला वर्षाचा मोठा भाग अन्न मिळत राहते. घाटे अळी पावसाळ्यात मूग, उडीद, सोयाबीन व तणे यांवर, पुढे कापूस, ज्वारीची कणसे व तूर यांवर आणि थंडीत हरभऱ्यावर आढळते. तुरीचे पीक निघण्याच्या सुमारास हरभरा घाट्यांवर येतो, त्यामुळे तुरीवर वाढलेल्या पिढीस हरभऱ्यात तयार अन्न सापडते. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आभाळ ढगाळ राहिले की शेतकरी अळीच्या भीतीने सावध होतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

प्रमुख कीटक : (१) घाटे अळी (हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा) : पूर्वी ही कीड हेलिओथिस या प्रजातिनामाने ओळखली जाई. नॉक्ट्युइडी कुलातील या पतंगाची मादी कोवळी पाने, कळ्या, फुले व शेंगा यांवर एकेक सुटे अंडे घालते. अंडी ३ ते ५ दिवसांत उबतात. लहान अळी प्रथम पाने व कळ्या खरवडते. मोठी अळी शेंगेला भोक पाडून डोके आत व अर्धे शरीर बाहेर ठेवून दाणे खाते. पूर्ण वाढलेली अळी सुमारे ३५ ते ४० मिमी. लांब असून तिचा रंग हिरवा, पिवळसर, तपकिरी वा काळसर असतो व दोन्ही बाजूंस फिकट रेषा असतात. अळीची अवस्था सुमारे दोन ते तीन आठवड्यांची असते. एक अळी आपल्या आयुष्यात हरभऱ्याच्या ३० ते ४० घाट्यांचे नुकसान करते, असे सामान्यतः मानतात. ती कोशावस्थेत जमिनीत जाते. म्हणून पीक निघाल्यावर खोल नांगरट केल्यास कोश उघडे पडून उन्हाने व पक्ष्यांमुळे नष्ट होतात.

(२) शेंगमाशी (मेलॅनॅग्रोमायझा ऑब्ट्युजा) : ही लहान, काळसर माशी तुरीच्या कोवळ्या शेंगेच्या सालीत अंडी घालते. अळी शेंगेच्या आत दाण्याच्या पृष्ठभागाखाली बोगदे करून खाते व आतच कोशावस्थेत जाते. कोशात जाण्यापूर्वी ती सालीला एक पातळ खिडकी ठेवते. त्यातून प्रौढ माशी बाहेर पडते. तोपर्यंत शेंग बाहेरून निर्दोष दिसते. नुकसान शेंग सोलल्यावरच कळते, त्यामुळे शेतकऱ्यास या किडीचा अंदाज उशिरा येतो. उशिरा पक्व होणाऱ्या वाणांवर तिचा उपद्रव अधिक असतो.

(३) पिसारी पतंग (एक्झेलॅस्टिस ॲटमोसा) : पिसांप्रमाणे दुभंगलेले पंख असलेल्या या नाजूक पतंगाची हिरवट वा तपकिरी, काटेरी केसांची अळी तुरीच्या शेंगेची साल खरवडून तिला भोक पाडते आणि बाहेर राहूनच आतील दाणे खाते. तिचा कोश अनेकदा शेंगेवरच चिकटलेला आढळतो.

(४) ठिपक्यांची शेंग पोखरणारी अळी (मॅरूका व्हिट्रॅटा) : ही तूर, चवळी, मूग, उडीद व वाल यांवर पडते. अळी फुले, पाने व शेंगा रेशमी धाग्यांनी एकत्र गुंडाळून त्या जाळ्यात राहून खाते. या आवरणामुळे कीटकनाशकाचा फवारा व बरेचसे भक्षक कीटक तिच्यापर्यंत पोहोचत नाहीत.

(५) वालावरील कीटक : ॲडिसुरा ॲटकिन्सोनी या पतंगाची अळी वालाच्या शेंगा पोखरते. मेगाकॉप्टा क्रिब्रॅरिया (पूर्वीचे नाव कॉप्टोसोमा क्रिब्रॅरिया) हा हिरवट-पिवळसर, जवळजवळ गोल आकाराचा ढेकूण वेलाच्या खोडावर व शेंड्यांवर थव्याने राहून रस शोषतो.

(६) मावा (एफिस क्रॅक्सिव्होरा) : चकचकीत काळ्या प्रौढांचा हा मावा वाल, चवळी, कुळीथ इत्यादींचे कोवळे शेंडे, फुलोरे व शेंगा यांवर दाट थर करून बसतो. माद्या नराशी मीलन न होताच पिल्लांना जन्म देतात व ती पिल्ले साधारण आठवड्याभरात पुनरुत्पादनक्षम होतात. त्यामुळे थोड्याच दिवसांत सर्व शेंडा काळा पडतो. मावा गोड चिकट द्रव बाहेर टाकतो. त्याच्या लोभाने मुंग्या येतात आणि माव्याच्या शत्रूंना पिटाळून लावतात.

(७) इतर कीटक : पांढरी माशी (बेमिसिया टॅबॅसी) मूग व उडीद यांचा रस शोषते; परंतु तिच्यामुळे होणारे मोठे नुकसान पिवळ्या विषाणू रोगाच्या (यलो मोझेक) प्रसारामुळे होते. खोडमाशी (ऑफिओमायझा फॅसिओलाय) रोपांच्या खोडात शिरते. तुडतुडे, फुलकिडे व तुरीवरील शेंगा शोषणारे ढेकूण (क्लॅव्हिग्रॅला गिब्बोसा) हेही उपद्रवी आहेत. शेंगेतून रस शोषला गेलेला दाणा सुरकुततो व बियाण्यास अयोग्य ठरतो.

नैसर्गिक शत्रू : यांचे भक्षक, परोपजीवी व रोगकारक असे तीन वर्ग करतात. भक्षक एकामागून एक अनेक कीटक मारून खातो. परोपजीवी कीटकाची अळी एकाच यजमान कीटकावर वा त्याच्या शरीरात वाढते व शेवटी त्याला मारते. रोगकारकांत विषाणू, कवके, सूक्ष्मजंतू व सूत्रकृमी यांचा समावेश होतो.

भक्षक : माव्याच्या वसाहतीत हमखास दिसणारा भक्षक म्हणजे ढालकिडा होय. चायलोमेनीस सेक्समॅक्युलॅटा व कॉक्सिनेला ट्रान्सव्हर्सालिस या जाती महाराष्ट्रात सर्वत्र आढळतात. त्यांचे प्रौढ गोलसर, तांबूस-पिवळे व काळ्या नक्षीचे असल्याने ओळखू येतात. अळ्या मात्र लांबट, काळपट, पिवळ्या-नारिंगी ठिपक्यांच्या व चपळ असून सुसरीच्या छोट्या प्रतिकृतीसारख्या दिसतात. याच अळ्या सर्वांत अधिक मावा खातात. परंतु पुष्कळदा त्यांनाच कीड समजून मारले जाते. क्रायसोपर्ला या जाळीदार हिरव्या पंखांच्या कीटकाची अंडी केसासारख्या देठावर उभी असतात. त्याच्या अळ्या मावा, पांढऱ्या माशीची पिल्ले तसेच पतंगांची अंडी व नुकत्याच उबलेल्या अळ्या खातात. सिरफिड माश्यांच्या पाय नसलेल्या, गोगलगायीसारख्या सरपटणाऱ्या अळ्याही माव्यावर जगतात. त्यांच्या प्रौढ माश्या फुलांतील मकरंद व पराग खातात. कुंभारीण माशी मातीच्या घरट्यात आपल्या पिल्लांसाठी अळ्या साठवते. खंडोबाचा किडा, शिकारी ढेकूण व विविध कोळी यांना विशिष्ट भक्ष्य लागत नाही. त्यामुळे कीड थोडी असतानाही ते शेतात टिकून राहतात.

पक्ष्यांपैकी कोतवाल, साळुंकी, वेडा राघू व गायबगळा हे कीटकभक्षक म्हणून महत्त्वाचे आहेत. कोतवालास उंच जागी बसून भक्ष्य हेरण्याची सवय असते. हरभऱ्यासारख्या बुटक्या पिकात अशी जागा नसते. म्हणून हेक्टरी सुमारे ५० पक्षिथांबे (इंग्रजी टी अक्षराच्या आकाराच्या काठ्या) पिकापेक्षा उंच रोवण्याची शिफारस आहे. दाणे पक्व होऊ लागताच हे थांबे काढून घेतात, कारण त्यानंतर दाणे खाणारे पक्षीही त्यांचा आश्रय घेतात. तुरीच्या बियाण्यात थोडी ज्वारी वा बाजरी मिसळून पेरल्यास तिची ताटे हेच काम करतात.

परोपजीवी : ट्रायकोग्रामा हा जेमतेम अर्धा मिमी. लांबीचा कीटक पतंगांच्या अंड्यात आपली अंडी घालतो. यजमानाच्या अंड्यातून अळीऐवजी ट्रायकोग्रामाच बाहेर पडतो, म्हणजे पिकाचे नुकसान सुरू होण्यापूर्वीच कीड नष्ट होते. प्रयोगशाळेत तांदळावरील पतंगाच्या (कॉर्सिरा) अंड्यांवर तो वाढवितात व ती अंडी चिकटविलेली कागदी पट्टी (ट्रायकोकार्ड) शेतात टांगतात. कडधान्यांत मात्र याचे यश मर्यादित आहे. हरभऱ्याच्या पानांवरील ग्रंथियुक्त केसांतून मॅलिक व ऑक्झॅलिक अम्ले स्रवतात. हा स्राव, म्हणजे हरभऱ्याची आंब, घाटे अळीलाही काही प्रमाणात प्रतिकूल असतो, परंतु एवढ्या लहान परोपजीवीला तो अधिकच अडथळा करतो. ज्वारीच्या कणसांवरील घाटे अळीच्या अंड्यांत ट्रायकोग्रामा मोठ्या प्रमाणात आढळतो, तर त्याच शेतातील तुरीवरील अंड्यांत फारच कमी, असे हैदराबादजवळील पाटणचेरू येथील आंतरराष्ट्रीय अर्धशुष्क कटिबंधीय पीक संशोधन संस्थेच्या (इक्रिसॅट, स्थापना १९७२) अभ्यासातून दिसून आले. यावरून शत्रू व कीड यांच्या संबंधात पीक हा केवळ पार्श्वभूमी नसून तिसरा पक्ष असतो, हे स्पष्ट होते.

हरभऱ्यावर खरे काम करतो तो कँपोलेटिस क्लोरिडी हा इक्न्यूमॉनिडी कुलातील परोपजीवी. त्याची मादी घाटे अळीच्या लहान अवस्थेत तिच्या शरीरात एक अंडे घालते. अळी मोठी होण्यापूर्वीच आतून पोखरली जाऊन मरते आणि परोपजीवीची अळी बाहेर पडून तिच्या कातडीशेजारी करड्या-पांढऱ्या, काळपट ठिपक्यांचा लांबट कोश विणते. असे कोश पानांवर दिसू लागले की शत्रूने काम सुरू केले असे समजावे. याउलट तुरीवर मोठ्या अळ्यांवर हल्ला करणाऱ्या टॅकिनिडी कुलातील माश्या (उदा., कार्सेलिया, गोनिऑफ्थॅल्मस) अधिक आढळतात. त्यांनी ग्रासलेली अळी बहुधा पूर्ण वाढेपर्यंत खात राहते व नंतर मरते. म्हणजे कँपोलेटिसामुळे चालू पीक वाचते, तर टॅकिनिडी माश्यांचा लाभ पुढील पिढी कमी होण्यात दिसतो. शेंगमाशीवर युडेरस व ऑर्मिरस, पिसारी पतंगावर अपँटेलीस आणि तुरीवरील ढेकणांच्या अंड्यांवर ग्रायॉन या प्रजातींतील परोपजीवी आढळतात. माव्यात काही मावे फुगून तपकिरी, कागदी व निश्चल झालेले दिसतात. ते ट्रायॉक्सिस, लायसिफ्लेबस इ. प्रजातींतील परोपजीवींनी आतून खाल्लेले असतात.

परोपजीवीचे महत्त्व कधीकधी त्याच्या अभावामुळे कळते. वालावरील मेगाकॉप्टा क्रिब्रॅरिया हा ढेकूण आशियात सर्वत्र मर्यादित प्रमाणात आढळतो. २००९ मध्ये तो अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील जॉर्जिया राज्यात आढळला आणि नैसर्गिक शत्रू तेथे नसल्याने काही वर्षांतच शेजारच्या राज्यांत पसरून सोयाबीनची मोठी कीड बनला. २०१३ मध्ये त्याच्या अंड्यांवरील पॅराटेलेनॉमस सॅकरॅलिस हा आशियाई परोपजीवीही तेथे आढळला. त्यानंतर हा परोपजीवी व कीटकांवर वाढणारे बोव्हेरिया बॅसियाना हे कवक यांमुळे ढेकणाची संख्या पुष्कळ घटली.

रोगकारक : घाटे अळीच्या विषाणूस एचएएनपीव्ही (न्यूक्लिअर पॉलिहेड्रोसिस विषाणू) म्हणतात. पानाबरोबर पोटात गेलेले विषाणूचे बहुतलीय स्फटिक अळीच्या क्षारीय जठररसात विरघळतात व मुक्त झालेले विषाणू ऊतकांत वाढतात. रोगट अळी झाडाच्या शेंड्याकडे चढते, खाणे सोडते आणि साधारण ५ ते ७ दिवसांत पश्चपादांनी उलटी लटकून मरते. तिची कातडी फुटून बाहेर पडणारा द्रव पानांवर सांडतो व रोग पसरतो. हा विषाणू माणूस, गुरे, मधमाश्या व परोपजीवी कीटक यांना अपायकारक नसतो. तो प्रयोगशाळेत जिवंत अळ्यांवरच वाढवितात. म्हणून त्याची मात्रा ‘अळी एकक’ या मापात सांगतात. एका अळी एककात सुमारे ६ अब्ज स्फटिक असतात व हेक्टरी २५० ते ५०० एकके वापरतात. सूर्यप्रकाशातील जंबुपार किरणांनी तो निष्क्रिय होतो, यासाठी फवारणी सायंकाळी करतात व द्रावणात थोडी नीळ मिसळतात. अळ्या लहान असतानाच त्याचा चांगला उपयोग होतो.

मेटॅऱ्हायझियम रायलेयी (पूर्वीचे नाव नोम्युरिया रायलेयी) या कवकाने मेलेली अळी प्रथम पांढरी व ताठ होते आणि मग तिच्यावर फिकट हिरव्या बीजुकांचा थर येतो. या कवकास दमट हवा लागते. त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सोयाबीनवरील अळ्यांत त्याची साथ पसरते, परंतु हरभऱ्याच्या कोरड्या हंगामात त्याच्यावर विसंबता येत नाही. किडीप्रमाणे शत्रूंनाही ऋतू असतो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

रासायनिक उपाय व त्यांचे परिणाम : विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डीडीटी, एंडोसल्फान इ. कीटकनाशकांचा व १९८० च्या सुमारास कृत्रिम पायरेथ्रॉइडांचा वापर भारतात रूढ झाला. आरंभीचे यश मोठे होते. पण घाटे अळीच्या प्रत्येक पिढीतील सर्वांत चिवट अळ्याच फवारणीतून वाचत गेल्या आणि त्यांची प्रजा वाढली. १९८७-८८ च्या हंगामात आंध्र प्रदेशात कापसावर पायरेथ्रॉइडांच्या वारंवार फवारण्या करूनही अळी आटोक्यात आली नाही व शेतकरी मोठ्या संकटात सापडले. परोपजीवी व भक्षक कीटक मात्र त्याच फवारण्यांनी मोठ्या प्रमाणात मारले गेले होते. किडीची संख्या फवारणीनंतर काही दिवसांतच पूर्वीपेक्षा वाढण्याच्या या घटनेस पुनरुद्भव म्हणतात. कीड पिकावर असेपर्यंत तिला अन्न मिळत असते; शत्रूला मात्र कीड पुन्हा वाढेपर्यंत अन्न नसते. म्हणून दोघांवर सारखाच आघात झाला, तरी सावरण्यात कीड नेहमी पुढे राहते. एंडोसल्फानाचे उत्पादन, विक्री व वापर यांवर सर्वोच्च न्यायालयाने १३ मे २०११ रोजी अंतरिम आदेशाने देशभर बंदी घातली.

एकात्मिक व्यवस्थापन : वरील अनुभवांतून फवारणी तारखेनुसार न करता किडीच्या मोजणीनुसार करावी, हे तत्त्व पुढे आले. किडीमुळे होणारे नुकसान उपायाच्या खर्चाइतके होऊ लागण्यापूर्वीच्या संख्येस आर्थिक नुकसानीची पातळी म्हणतात. हरभऱ्यात ओळीच्या एक मीटर लांबीत एक ते दोन अळ्या वा सुमारे ५ टक्के घाट्यांचे नुकसान ही अशी पातळी मानतात. पतंगांचा सुगावा लागण्यासाठी हेक्टरी ५ कामगंध सापळे लावतात. सलग दोन-तीन दिवस प्रत्येक सापळ्यात ८ ते १० पतंग सापडल्यास पिकाची बारकाईने पाहणी करावी लागते. प्रथम ५ टक्के निंबोळी अर्क व नंतर विषाणू यांचा वापर करून रासायनिक कीटकनाशक अखेरचा उपाय म्हणून ठेवतात. तुरीची झाडे खाली कापड धरून हलविल्यास मोठ्या अळ्या गळून पडतात. त्या गोळा करून नष्ट करण्याची पद्धत अजूनही उपयुक्त आहे. हरभऱ्यात कोथिंबीर, जवस वा मोहरीच्या ओळी पेरल्यास त्यांच्या फुलांतील मकरंद परोपजीवींना मिळतो. कँपोलेटिसाच्या प्रौढ माद्यांना अशा अन्नाची गरज असते.

२००८ मध्ये मराठवाडा व विदर्भ येथे सोयाबीनवर तंबाखूवरील पाने खाणाऱ्या अळीचा (स्पोडोप्टेरा लिट्युरा) मोठा उद्रेक झाला. त्यानंतर महाराष्ट्र शासनाने २००९ पासून कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प (क्रॉपसॅप) हाती घेतला. त्यात सोयाबीन, कापूस, तूर, हरभरा इ. पिकांची ठराविक शेतांत नियमित पाहणी होऊन तिच्या आधारे शेतकऱ्यांना सल्ला दिला जातो. राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषी विद्यापीठे स्थानिक शिफारशी करतात. बदनापूर (जि. जालना) येथील कृषी संशोधन केंद्र तुरीच्या वाणांसाठी प्रसिद्ध आहे. बंगळुरू येथील राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरो नैसर्गिक शत्रूंचा संग्रह व अभ्यास करते.

ठाणे परिसर : पावसाळ्यात भात व त्यामागून वाल ही पीकजोडी ठाणे जिल्ह्याच्या शहापूर, मुरबाड, भिवंडी व कल्याण या तालुक्यांत परंपरेने चालत आली आहे. भातखाचरातील वालास बहुधा पाणी वा खत दिले जात नाही. जमिनीची ओल व थंडीतील दव यांवर तो वाढतो. फवारणीचाही खर्च त्यात सहसा बसत नाही. त्यामुळे मावा व शेंगा पोखरणाऱ्या अळ्या यांपासून या पिकाचे रक्षण मुख्यतः ढालकिडे, सिरफिड माश्या, परोपजीवी कीटक व पक्षी हेच करतात. कीटकनाशकाविना येणारे पीक ही येथे नवी कल्पना नसून जुनी वहिवाट आहे. भाजीसाठी ओल्या शेंगा विकण्याच्या हेतूने जेथे पाण्याखाली वाल घेतात, तेथे फवारणी वाढते. परंतु शेंगा दर थोड्या दिवसांनी तोडून लगेच बाजारात जात असल्याने विषारी अंश अन्नात राहण्याचा धोकाही तेथेच अधिक असतो. फवारणी व तोडणी यांत कीटकनाशकाच्या वेष्टनावर दिलेला प्रतीक्षा काल पाळणे म्हणूनच अत्यावश्यक ठरते.

खोपट किंवा कल्याण-डोंबिवलीच्या दाट वस्तीत शेते उरलेली नसली, तरी अंगणात वा गच्चीवरील कुंडीत लावलेल्या वालाच्या वेलावर व चवळीवर हाच सर्व व्यवहार लहान प्रमाणात पाहावयास मिळतो. शेंड्यावर काळा मावा दिसल्यानंतर काही दिवस वाट पाहिल्यास ढालकिड्यांची पिवळी, उभट अंड्यांची पुंजकी व मागोमाग त्यांच्या अळ्या दिसू लागतात. तोवर मावा फार वाढल्यास पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन टाकणे पुरेसे असते. मुंग्यांची रीघ तोडल्यास शत्रूंचे काम आणखी सुकर होते.

साठवणीतील कीटक : कडधान्यांवरील भुंगेऱ्यांचा (कॅलोसोब्रुकस चायनेन्सिस व कॅ. मॅक्युलॅटस) प्रादुर्भाव शेतातच पक्व शेंगांवर सुरू होतो व घरात वाढतो. मादी दाण्याच्या पृष्ठभागावर पांढरे अंडे चिकटविते, अळी दाण्यात शिरते आणि प्रौढ भुंगेरा वाटोळे भोक पाडून बाहेर येतो. कोठारात डिनार्मस बेसॅलिस हा परोपजीवी दाण्यातील अळ्या शोधून मारतो, परंतु बंद कणगीत त्याच्यावर अवलंबून राहता येत नाही. तुरीला लाल माती चोळून वाळविणे, वाल राखेत ठेवणे, दाण्यांना खाद्यतेलाचा हात लावणे व कडक उन्हात वाळविणे हे घरगुती उपाय शास्त्रीय दृष्ट्याही योग्य आहेत. तेलाच्या पातळ थरामुळे अंडी नीट चिकटत नाहीत व चिकटली तरी आतील जीव गुदमरतो. माती व राख यांचे बारीक कण कीटकाच्या कवचावरील मेणाचा थर खरवडून त्यास शुष्क करतात.

समारोप : नैसर्गिक शत्रू किडीचा समूळ नाश करीत नाहीत, आणि तसा नाश इष्टही नाही, कारण कीड पूर्ण संपली तर तिच्यावर जगणारे शत्रूही संपतात. त्यांचे कार्य किडीची संख्या मर्यादेत ठेवण्याचे असते. तुरीवरील शेंगमाशी वा जाळ्यात राहणारी मॅरूका यांच्या बाबतीत ते अपुरे पडते. तेथे लवकर पक्व होणारे वाण, वेळेवर पेरणी व निवडक कीटकनाशकांचा मर्यादित वापर यांची जोड द्यावी लागते. मात्र शेतातील प्रत्येक किडा शत्रू समजून फवारणी केल्यास फुकट मिळणारे संरक्षण नष्ट होते व त्याची किंमत पुढील हंगामात पैसे मोजून चुकवावी लागते. कँपोलेटिसाचा कोश, क्रायसोपर्लाची देठावरील अंडी, ढालकिड्याची अळी व फुगलेला तपकिरी मावा ही चार चिन्हे ओळखता येणे हे शेतकऱ्याच्या दृष्टीने फवारणीचे यंत्र बाळगण्याइतकेच मोलाचे आहे.